जमिनीखालचा नकाशा बिल्डरच्या फायलीत नको

२० सप्टेंबर २०२४ ला दुपारी पुण्यात बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक जमिनीत गेला. उभाच्या उभा. वर पेव्हर ब्लॉक बसवलेले होते, त्याखाली काय आहे हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. चालक वाचला, त्यामुळे दोन दिवस व्हिडिओ फिरले, विनोद झाले आणि विषय मिटला. खाली जुनी विहीर असावी, असं सांगण्यात आलं. त्याआधी १३ जून २०२१ ला मुंबईत घाटकोपरला एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार बघता बघता पाण्यात बुडाली, तीही विहिरीतच. अर्धी विहीर काँक्रीटच्या स्लॅबनं झाकून तिच्यावर पार्किंग केलेलं होतं. जागा खासगी आहे, आमचा संबंध नाही, असा खुलासा मुंबई महापालिकेनं केला.

कागदावर तो खुलासा चुकीचा नव्हता. वाद त्याच्या मागच्या समजुतीशी आहे. जमिनीच्या वर सात-बारा असतो, सिटी सर्व्हे नंबर असतो, कंपाउंडची भिंत असते. खाली यातलं काही नसतं. पेशवाईतला पाण्याचा नळ तीन प्लॉट आणि एक रस्ता ओलांडून जातो, बुजवलेली खाण दोन सोसायट्यांच्या मधोमध असते. तरीही खालची जमीन तपासण्याची जबाबदारी आपण ज्याच्या त्याच्या कुंपणापुरती वाटून टाकली आहे. माझं म्हणणं असं की जुन्या गावठाणांखाली काय पोकळ आहे, काय भरावाचं आहे, हे गुरुत्वाकर्षण मोजून बऱ्याच प्रमाणात कळू शकतं. ते काम महापालिकेनं रस्त्यांसारखं स्वतःचं मानून करावं आणि त्याचे आकडे सगळ्यांना खुले ठेवावेत. बिल्डरवर आणखी एक सर्टिफिकेट लादून हे होणार नाही.

आपल्याकडे ‘जमीन तपासली’ म्हणजे बोअर घेतले. भारतीय मानक १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत साधारण ०.४ हेक्टरच्या, म्हणजे एकरभराच्या सलग जागेसाठी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बोअर पुरेसे धरले आहेत. खडकात घेतात त्या एनएक्स बोअरचा व्यास ७६ मिलिमीटर. पाचही बोअरचं क्षेत्रफळ एकत्र केलं तरी ते त्या एकराच्या पावणेदोन लाखांतला एक भाग भरतं. बाकीची जमीन आपण दोन बोअरांच्या मध्ये रेघ ओढून ठरवतो. ही रेघ नेहमी चुकते असं नाही. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक, बरेचसे आडवे पसरलेले आहेत. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण पाषाण, अधूनमधून लाल बोलाचा, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातकट थराचा पट्टा. एका बोअरला जे लागलं ते शेजारच्यालाही थोड्याफार फरकानं लागतं. त्यामुळे ही पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालून गेली आणि सल्लागारांनाही तीच पुरेशी वाटते.

पण ही रेघ निसर्गानं घातलेल्या थरांसाठी ठीक आहे. माणसानं खणलेल्या जमिनीला ती लागू पडत नाही. जुन्या पेठांमध्ये वाड्यावाड्यात आड होते. कात्रजहून दगडी नळातून पाणी आणून ते हौदांत सोडलेलं होतं. फडके हौद, सदाशिव पेठ हौद ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगता येतात, पण नळ नेमका कुठून जातो हे विचारलं तर पालिकेतही धड उत्तर मिळेल याची खात्री नाही. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोची खोदाई चालू असताना जुनं पाण्याचं भुयार लागलं, तेव्हा ते कोणत्या काळातलं यावर चर्चा रंगली. ते खोदाई सुरू होण्याआधी कुणाच्या नकाशावर का नव्हतं, यावर फारशी रंगली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पोटात मलिक अंबरच्या काळापासूनची नहर आहे. मुंबईच्या उपनगरांत दगडाच्या खाणी राडारोडा टाकून बुजवल्या गेल्या आणि त्यावर इमले उभे राहिले. अशी एखादी विहीर बोअरपासून पाच मीटरवर असेल, तर बोअरच्या अहवालात तिचा मागमूसही नसतो.

गुरुत्वाकर्षण इथे कामाला येतं, कारण ते बाजूनंही जाणवतं. पायाखाली कठीण पाषाण असेल तर तिथलं वस्तुमान जास्त, ओढ किंचित जास्त. खाली पोकळी किंवा सैल भराव असेल तर ओढ किंचित कमी. हा ‘किंचित’ किती ते पाहायला हवं. गुरुत्वीय त्वरण साधारण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याचा अब्जावा भाग म्हणजे सुमारे एक मायक्रोगॅल. आता तीन मीटर व्यासाचा, दहा मीटर खोल, वर अर्धा मीटर भर टाकून झाकलेला कोरडा आड घ्या, भोवती मुरूम आणि माती. न्यूटनच्या सूत्रानं हिशेब केला तर बरोबर डोक्यावर ठेवलेल्या यंत्राला ओढ ७० मायक्रोगॅलच्या आसपास कमी भरते. पाच मीटर बाजूला सरकलात तरी दहाएक मायक्रोगॅलचा फरक उरतो. आडात पाणी भरलेलं असेल तर हे आकडे निम्म्यावर येतात. चांगलं यंत्र काळजीपूर्वक वापरलं तर शेतात, मैदानात पाच-दहा मायक्रोगॅलपर्यंतचा फरक ओळखता येतो. म्हणजे आड दिसतो. दहा मीटर खोल खाण राडारोड्यानं भरलेली असेल आणि ती ऐसपैस पसरलेली असेल, तर फरक चारशेच्या घरात जातो. ती तर लपूच शकत नाही.

हे मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण या कामाचा कंटाळवाणेपणा समजल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. यंत्र हातात उचलून नेण्याजोगं असतं. आत क्वार्ट्झची बारीक स्प्रिंग, तिच्या टोकाला वजन, आणि तापमान कायम राखणारी पेटी. तिवईवर ठेवायचं, स्क्रू फिरवून पातळीत आणायचं, मागे सरायचं आणि श्वास रोखल्यासारखं पाच मिनिटं थांबायचं. मग दोन-तीन मीटरवर पुढचा बिंदू. प्रत्येक बिंदूची उंची सेंटिमीटरपर्यंत मोजावी लागते, कारण यंत्र एक सेंटिमीटर वर गेलं की ओढ तीन मायक्रोगॅलनं कमी होते. स्प्रिंग दिवसभरात थोडी सैलावते, म्हणून दर तासा-दीड तासानं पहिल्या बिंदूवर परत यायचं. आणि डोक्यावर चंद्र-सूर्य आहेतच. त्यांच्या ओढीनं दिवसभरात होणारा चढउतार दोनशे-तीनशे मायक्रोगॅलपर्यंत जातो, म्हणजे आपण शोधतोय त्या आडाच्या तिप्पट-चौपट. ती भरती-ओहोटी आधी हिशेबातून वजा केल्याशिवाय आड हाती लागत नाही. आजूबाजूच्या इमारतींचं वस्तुमानही वजा करावं लागतं. आणि तुमच्या पाच मिनिटांत शेजारून पीएमपीची बस गेली की पुन्हा पहिल्यापासून. लक्ष्मी रस्त्यावर हे काम रात्री दोन ते पहाटे पाच याच वेळेत होईल, यात शंका नाही.

या शास्त्राचं आपल्याशी नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात भारताच्या मोठ्या सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर ताऱ्यांवरून एक आणि जमिनीवरून दुसरं आलं. फरक पाचेक विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हिमालयाच्या ओढीनं ओळंबा किती ढळायला हवा, याचा हिशेब ब्रिटिश गणितज्ञ प्रॅट यांनी मांडला, तर तो प्रत्यक्ष फरकापेक्षा बराच जास्त भरला. १८५५ मध्ये प्रॅट आणि खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी या कोड्यावर निबंध लिहिले आणि डोंगरांच्या मुळांची, म्हणजे डोंगराखाली हलका खडक खोलवर गेलेला असतो ही कल्पना पुढे आली. नंतर कॅप्टन बसेवी लंबक घेऊन देशभर गुरुत्वाकर्षण मोजत फिरले आणि १८७१ मध्ये लडाखच्या पठारावर त्याच कामात मरण पावले. कोयनेला तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्याआधीही त्या परिसरावर विमानातून गुरुत्वाकर्षणाचं आणि चुंबकीय सर्वेक्षण झालं होतं. भूकंप समजून घ्यायला, तेल शोधायला, खनिज शोधायला आपण हे साधन वापरतो. राहत्या शहराच्या पायाखाली मात्र नाही.

शंका घेणारे घेतात, आणि त्यांतल्या काही रास्त आहेत. पहिली खोलीची. चार मीटर व्यासाच्या गोल पोकळीचं केंद्र चार मीटर खोल असेल तर तिच्यामुळे पंचवीस-तीस मायक्रोगॅलचा फरक पडतो. तीच पोकळी दहा मीटरवर गेली की चार-पाच उरतात, आणि शहराच्या गोंगाटात ते हरवतात. म्हणजे खोल मेट्रोच्या बोगद्यापुढे अचानक काय येईल हे याच्यावरून ठरवायला जाऊ नये. दुसरी शंका अधिक मुळातली आहे. उथळ छोटी पोकळी आणि खोल, मोठा पण जरा सैल भाग या दोन्हींची ओढ वरून सारखी भासू शकते. नुसत्या नकाशावरून ‘इथे विहीर आहे’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला दुसरं काम बघायला सांगावं. हा नकाशा बोअरऐवजी नाही, बोअर कुठे घ्यायचा हे सांगायला आहे. पाच बोअर चार कोपऱ्यांत घेण्याऐवजी जिथे आकडा खाली गेला तिथे दोन घ्या, एवढाच त्याचा दावा. पण तो दावा लहान नाही.

मग जीपीआर आहे की, असं कुणीतरी म्हणतं. जमिनीत रडारचे तरंग सोडणारी ती गाडी हल्ली केबल शोधायला सर्रास फिरते. पण काळ्या चिकणमातीत, त्यातही ती ओली असेल तर ते तरंग मीटर-दोन मीटरमध्ये विरून जातात. जमिनीत विजेचा प्रवाह सोडून रोध मोजायची पद्धत चांगली आहे, मात्र डांबरात आणि फरशीत खुंट्या ठोकायच्या कुठे, आणि लोखंडी नळांचं काय करायचं? गुरुत्वाकर्षणाला लोखंडी नळ, केबल, डांबर यांचं फारसं सोयरसुतक नसतं, ते फक्त वस्तुमान पाहतं. म्हणून दाट वस्तीत ते हळू असलं तरी उपयोगी आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये रुबिडियमच्या थंड अणूंचे दोन पुंजके वापरून बनवलेल्या यंत्रानं इमारतींच्या मधल्या रस्त्याखालचं सुमारे दोन मीटरचं भुयार शोधून दाखवलं. दोन पुंजक्यांतला फरक मोजल्यामुळे जमिनीच्या हादऱ्यांचा त्रास आपोआप वजा होतो. ते यंत्र उद्या पुण्यात येणार नाही. पण या कामातली सगळ्यात मोठी अडचण, बसवाली, कुठल्या दिशेनं सुटते आहे हे त्यावरून कळतं.

आता मुद्द्याच्या अवघड बाजूकडे. बरेच जण म्हणतील, मग कायदा करा, २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कलम घाला आणि प्रत्येक बांधकामाला गुरुत्वाकर्षण सर्वेक्षण सक्तीचं करा. मला ही सूचना घातक वाटते. पावसाचं पाणी जिरवण्याच्या सक्तीचं काय झालं ते आठवा. खड्डा आहे, पाइप आहे, फोटो आहे, दाखला आहे. पाणी जिरतं का, हे कुणी पाहायचं? इथेही तेच होईल. एकेका प्लॉटपुरते पन्नास बिंदू घेतले तर कडेच्या इमारतींचा परिणाम आणि खालच्या खडकाचा उतार वेगळा काढायला आजूबाजूची जागाच मिळणार नाही. गुरुत्वाकर्षणाचा नकाशा मोठ्या परिसराचा असेल तरच वाचता येतो, तुकड्या-तुकड्यांत तो निरर्थक होतो. शिवाय तो वाचणारी माणसं मोजकी आहेत. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, तेल कंपन्या, काही विद्यापीठं. सक्ती केली की रातोरात दाखले छापणारे ‘तज्ज्ञ’ उगवतील. प्रत्येक दाखल्यावर ‘कोणतीही असाधारणता आढळली नाही’ असं लिहिलेलं असेल, आणि बिल्डर तो फायलीत लावेल. मग त्या फायलीचा उपयोग पुढच्या अपघातानंतर जबाबदारी झटकण्यापुरता.

याउलट पालिकेनं स्वतः पेठांमधून, गल्लीबोळांतून, सार्वजनिक जागेवरूनच बिंदूंची जाळी टाकली तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. एक पायाभूत जाळी झाली की पुढे खासगी प्लॉटवर काम करणाऱ्याला ती जोडून घेता येते. यंत्र महाग आहे, बाहेरून येतं, पण एका उड्डाणपुलाच्या निविदेपुढे त्याची किंमत खिजगणतीत नाही. खरा खर्च माणसांचा: दोन-तीन वर्षं रात्री काम करणारी तुकडी आणि हिशेब करणारे दोघे-तिघे. त्याहीआधी एक फुकटातलं काम आहे. जुने सिटी सर्व्हेचे नकाशे, पेशवे दफ्तरातले पाणीपुरवठ्याचे कागद आणि वाड्यांतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या आठवणी एकाच नकाशावर आणणं. घाटकोपरच्या सोसायटीत विहीर आहे हे तिथे स्लॅब टाकणाऱ्याला माहीतच होतं. तिथे गुरुत्वाकर्षणाची गरज नव्हती, एका नोंदीची होती. आधी नोंदी, मग जाळी, मग शंका आली तिथे बोअर, असा क्रम लावला तर यंत्रालाही दिशा मिळते.

कायद्याची अडचण आहे का? एक काळ असा होता की गुरुत्वाकर्षणाचे आकडे संरक्षणाच्या नावाखाली कपाटात जायचे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी ते चित्र बदललं. गुरुत्वीय विसंगतीसाठी त्यात एक मिलिगॅलची, म्हणजे हजार मायक्रोगॅलची मर्यादा आहे. त्याहून बारीक आकडे भारतीय संस्थांनीच तयार करावेत आणि ते देशातच ठेवावेत, असं ती सांगतात. आपण बोलतोय ते मिलिगॅलच्या शंभराव्या भागाबद्दल, म्हणजे परदेशी कंपनीला वाट बंद, पण महापालिकेला किंवा इथल्या विद्यापीठाला मोकळी. उलट ही मर्यादा म्हणजे आपलं कसब आपणच तयार करायला मिळालेली सवलत आहे, असं मी म्हणेन.

दुसऱ्या देशांनी याचं काय केलं हेही बघावं. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून जमिनीखालच्या माहितीची राष्ट्रीय नोंदवही कायद्यानं आहे. सरकारी पैशानं घेतलेल्या बोअरची, चाचणीची माहिती तिथे जमा करणं बंधनकारक, निर्णय घेताना ती पाहणं बंधनकारक, आणि चूक दिसली तर कळवणंही बंधनकारक. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे दहा लाखांहून जास्त बोअरच्या नोंदी आहेत आणि त्यातल्या पुष्कळ घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आलं. चांगलंच आहे. पण ते केबल आणि पाइपच्या मालकांना खोदाईची खबर देण्यासाठी आहे. बुजलेल्या आडाला मालक नसतो, त्याला फोन कोण करणार?

मला वाटतं, पालिका हे काम हातात घेत नाहीत याचं कारण पैसा नाही आणि तंत्रज्ञानही नाही. कारण आहे जबाबदारी. एकदा का तुमच्या नकाशावर सदाशिव पेठेतल्या अमुक बोळाखाली आकडा खाली गेलेला दिसला, की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय गेली. शेजारच्या फ्लॅटचे भाव पडतील, लोक नगरसेवकाच्या दारात बसतील, कुणी कोर्टात जाईल. म्हणून माहिती नसलेलीच बरी. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. भाव खरंच पडतील. पण आज जो माणूस आयुष्यभराची कमाई घालून तिथे घर घेतो, त्याच्यापासून ती माहिती दडवून तो भाव टिकवलेला असतो, हेही लक्षात घ्या. रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. सहाव्या वर्षी पार्किंग खचलं तर? तेव्हा बिल्डर गेलेला असतो, पालिका म्हणते जागा खासगी, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला कळतं की आपण खड्ड्याचेही मालक आहोत.

आणि यासाठी नव्या यंत्राची वाट पाहायची गरज नाही. पुण्याच्या मेट्रोसाठी, नदीकाठच्या कामांसाठी, उड्डाणपुलांसाठी, मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी आजवर जे बोअर घेतले गेले ते करदात्यांच्या पैशातून. त्यांचे लॉग आहेत: किती खोलीवर मुरूम, कुठे बोल, कुठे पाणी, कुठे ड्रिल अचानक मोकळं खाली गेलं. ते सल्लागारांच्या आणि ठेकेदारांच्या कपाटांत पडून आहेत. पुढच्या अर्थसंकल्पात जाळीसाठी तरतूद होईल तेव्हा होवो. हे लॉग महापालिकांनी या पावसाळ्याच्या आत मागवून संकेतस्थळावर टाकावेत, आणि यापुढच्या प्रत्येक निविदेत ते जमा केल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही अशी एक ओळ घालावी.